अडतीसशेचा गेम आणि चकटफू गेम

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन डेक्कनवरच्या एका जुन्या-नव्या व्हिडिओ गेमच्या दुकानात गेलो होतो. भाचा म्हणजे ओजस, आठवीत आहे. काचेच्या कपाटात निंटेंडो स्विच या हातात धरून खेळायच्या यंत्राचे गेम ओळीनं लावलेले होते. आतलं कार्ड टपाल तिकिटाएवढं आणि डबी मात्र छोट्या वहीएवढी. ओजसनं एक डबी उचलली, मागचं लेबल वाचलं आणि गरम तव्याला हात लागावा तशी परत ठेवली.

"मामा, एका गेमचे अडतीसशे?"

"हो."

"माझ्या फोनमध्ये अकरा गेम आहेत. एकाचेही पैसे दिलेले नाहीत."

दुकानदार कसनुसा हसला. हे वाक्य तो दिवसातून चारदा तरी ऐकत असावा.

मी कॉस्ट अकाउंटंट. भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांचं कॉस्टिंग करण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे 'एवढं महाग का?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायलाच हवं होतं. पण कर्वे रोडच्या गर्दीत, स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला ते धड सांगता येईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

समजा, कुकरच्या झाकणाची मूठ काढायची आहे. सगळ्यात आधी डाय, म्हणजे साचा, लागते. टूलरूमवाला तिचे आठ-दहा लाख घेतो. एकदा डाय मशीनवर चढली की मुठी पटापट पडतात. प्लास्टिक, वीज, मजुरी धरून नगाला दहा-बारा रुपये. मग प्रश्न एवढाच उरतो, की डायचे दहा लाख किती नगांवर पसरवायचे? लाखभर मुठी खपणार असतील तर नगामागे दहा रुपये. दहाच हजार खपणार असतील तर शंभर. भोसरीतला प्रत्येक शेडवाला हे गणित झोपेतही करतो.

गेम म्हणजे नुसती डायच. दोन-तीन वर्षं प्रोग्रामर, चित्रकार, संगीतकार, टेस्टर यांचे पगार, ऑफिसचं भाडं, विजेचं बिल. हे सगळं गेम बाजारात यायच्या आधीच खर्च होऊन बसतं. त्यानंतर त्याची एक प्रत काढायला किती लागतात? फोनवर जवळजवळ शून्य. मूठ काढायला निदान प्लास्टिकचे दाणे तरी लागतात.

हातात धरून खेळायच्या यंत्राचं, म्हणजे हँडहेल्डचं, गणित मात्र थोडं वेगळं होतं. तिथे नगालाही खर्च होता. गेम कार्डावर यायचा (आम्ही लहानपणी त्याला 'कॅसेट' म्हणायचो, आणि मी अजूनही म्हणतो). ती कॅसेट बनवायला पैसे पडायचे. किती कॅसेट हव्यात हे आधीच सांगून त्यांचे पैसे आगाऊ भरावे लागायचे, आणि नाही खपल्या तर त्या गोदामात पडून. वर यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं लायसन्स, प्रकाशकाचा वाटा, वितरकाचा वाटा, दुकानदाराचं मार्जिन. यंत्रावर कंपनीला फारसं सुटायचं नाही, तिची खरी कमाई गेमवर. प्रिंटर स्वस्तात देऊन शाईवर कमवतात, तसंच.

या सगळ्यामुळे किमतीला एक तळ होता. त्याखाली कोणी जाऊच शकत नव्हतं. गिऱ्हाइकाला तो जाचायचा. पण त्या तळावर उभं राहूनच वीस-तीस माणसांची एखादी कंपनी, फार मोठं नाव नसतानाही, दर दोन वर्षांनी एक बरा गेम काढून पगार करू शकत होती.

१० जुलै २००८ ला ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. पहिल्या दिवशी ५०० ॲप. कॅसेट नाही, गोदाम नाही, वितरक नाही. दुकानाचा वाटा सरळ ३० टक्के, बाकीचे ७० बनवणाऱ्याचे. मधली माणसं गेली म्हटल्यावर गेम स्वस्त होणारच, आणि व्हायलाही हवा होता. त्यात काही वाईट झालं असं माझं म्हणणं नाही.

प्रश्न होता, किती स्वस्त? लोक गेम शोधायचे ते 'सर्वाधिक डाउनलोड' झालेल्यांच्या यादीतून. यादीत वर दिसलात तरच विक्री. वर दिसायचं तर नग जास्त हवेत, आणि नग जास्त हवेत तर भाव पाडा. संध्याकाळी मंडईत एकानं कोथिंबिरीची जुडी दहाला लावली की शेजारचा आठ म्हणतो, त्यातलाच प्रकार. पण कोथिंबीरवाला खरेदीच्या भावापाशी येऊन थांबतो. गेमच्या प्रतीला खरेदीभावच नाही. त्यामुळे थांबायचं कुठे, हे सांगणारं कोणी नव्हतं. डिसेंबर २००९ मध्ये 'अँग्री बर्ड्स' आला तो ९९ सेंटना. २०१५ मध्ये गूगलनं भारतात ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० वर आणली. दहा रुपये! तेवढ्यात अमृततुल्यमध्ये एक चहा.

आता कागद-पेन्सिल घेऊ. आकडे माझ्या सोयीचे आहेत, पण प्रमाण खरं आहे. एका गेमची डाय पाच कोटींची. हँडहेल्डवर तो अडीच हजारांना विकला आणि सगळ्यांचे वाटे जाऊन बनवणाऱ्याच्या हाती हजार पडले, तर पन्नास हजार प्रतींत डाय वसूल. तोच गेम फोनवर ८९ रुपयांना. दुकानाचे ३० टक्के गेले, उरले साधारण ६२. आता आठ लाख प्रती खपायला हव्यात, तेव्हा कुठे खर्च निघेल. म्हणजे सोळापट गिऱ्हाईक. आणि हे सोळापट गिऱ्हाईक त्याच यादीतल्या हजारो गेममधून तुमचाच गेम निवडणार.

लाखभर नग खपणारी वस्तू आठ लाख खपवायची असेल तर भोसरीवाला दोनच गोष्टी करतो. डाय स्वस्तात करून घेतो, नाहीतर नगाऐवजी दुसऱ्या कशाचे पैसे लावतो. गेमवाल्यांनी दोन्ही केलं.

दुसऱ्या गोष्टीचं दार ॲपलनंच उघडलं. ऑक्टोबर २००९ पासून फुकट ॲपच्या आतही वस्तू विकायची परवानगी मिळाली. मग ९९ सेंट तरी कशाला? गेम चकटफू ठेवा, आत दुकान मांडा. खेळणाऱ्या शंभरांतले दोन-चारच कधीतरी पैसे देतात, पण खेळणारेच दहा कोटी असतील तर शंभरातले ते दोन-चारही पुरतात. त्यातही मूठभर असे निघतात की जे हजारोंनी ओततात. धंद्यात त्यांना 'व्हेल' म्हणतात. देवमासा. गिऱ्हाइकाला जलचर म्हणणारा दुसरा धंदा माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे जवळून बघायचा योग दुकानातून परतल्यावर दोनच दिवसांनी आला. बहिणीचा फोन. "अरे, माझ्या खात्यातून सारखे एकोणनव्वद रुपये जातायत, जरा बघ ना." बघितलं. तीन आठवड्यांत चौदा वेळा ८९. एकूण १,२४६. कुठल्या गेमचे ते सांगत नाही. ओजसला विचारलं तर तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "ते गेमचे नाहीत मामा, ते जेम्सचे आहेत."

जेम्स म्हणजे त्या गेममधले हिरे. मग त्यानं दाखवलं. पाच डाव खेळलं की 'एनर्जी' संपते. पडद्यावर घड्याळ येतं: तीन तास बावन्न मिनिटं थांबा. घड्याळाखाली हिरवं बटण. हिरे दिले की घड्याळ गायब. मी नीट पाहिलं. ते घड्याळ म्हणजे गेममधली काही चूक नव्हती. कोणीतरी पगार घेऊन, चाचण्या करून, तीन तास बावन्न मिनिटांवर ते आणलं होतं. हिरवं बटण डाव्या-उजव्या दोन्ही अंगठ्यांना पोचेल अशा जागी होतं.

स्वस्ताईचा खरा परिणाम इथे आहे, असं मला वाटतं. किंमत उतरली हे सगळ्यांना दिसतं, पण तिच्याबरोबर गेम बनवणाऱ्याचं कामही बदललं. कॅसेटच्या काळात पैसे आधी मिळायचे. मग मुलगा घरी जाऊन खूश झाला पाहिजे, मित्राला सांगितलं पाहिजे, पुढच्या वर्षी दुसरा भाग मागितला पाहिजे, एवढंच बघायचं. चकटफू गेमात पैसे नंतर, थेंबाथेंबानं. म्हणून तो उद्या सकाळी पुन्हा उघडेल का, सातव्या दिवशी उघडेल का, आणि नेमका कुठे अडला तर पैसे काढेल, हे बघावं लागतं. याला 'रिटेन्शन' म्हणतात आणि त्याचे तक्ते रोज सकाळी निघतात. या गणितात गेम संपणं हे नुकसान. म्हणून ते संपतच नाहीत.

हँडहेल्डवाल्यांचं काय झालं, त्याचे आकडे बोलके आहेत. १९८९ चा गेमबॉय ही या घराण्याची गंगोत्री. कळस म्हणजे २००४ चा निंटेंडो डीएस: १५ कोटी ४० लाखांवर नग. एवढे खपले कारण तो मुलांपुरता उरला नव्हता. मेंदूला व्यायाम देणारी कोडी, पडद्यावर पाळायचं कुत्रं, असले गेम आया आणि ऑफिसातले लोक घेत. मीही त्यातलाच, २००८ मध्ये मावसभावानं अमेरिकेहून आणून दिलेला डीएस घेऊन मी लोकलनं लोणावळ्याला जाता-येता गणितं सोडवायचो. आणि पहिल्यांदा फुटला तो हाच गिऱ्हाईक. ज्याला दहा मिनिटं घालवायची आहेत त्याच्या खिशात फोन असताना तो दुसरं यंत्र कशाला बाळगेल?

फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात डीएसच्या पुढचं यंत्र, थ्रीडीएस, आला, मार्चमध्ये अमेरिकेत, २५० डॉलरला. त्याच मार्चच्या सुरुवातीला निंटेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता सॅन फ्रान्सिस्कोत गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत बोलत होते. सूर काळजीचा होता: गेमला काही मोल आहे असं लोकांना वाटायचं राहिलं, तर तुमचं-आमचं कसं होणार? योगायोग असा की त्याच दिवशी, त्याच शहरात, हाकेच्या अंतरावर ॲपल आयपॅड २ दाखवत होती. इवाता हे काही नुसते खुर्चीतले साहेब नव्हते, स्वतः उत्तम प्रोग्रामर होते; डाय घडवलेला माणूस.

ऑगस्टमध्ये त्यांना थ्रीडीएसची किंमत १७० डॉलरवर आणावी लागली. सहा महिनेही झाले नव्हते. आधी घेतलेल्यांची समजूत काढायला २० जुने गेम फुकट दिले, आणि इवातांनी स्वतःचा पगार निम्म्यानं कापला. (आपल्याकडच्या किती मालकांनी असं केल्याचं ऐकलंय? असो.) थ्रीडीएस नंतर सावरला, पण एकूण आकडा ७ कोटी ६० लाखांच्या आत राहिला. डीएसच्या निम्माही नाही. सोनीच्या व्हिटाची गत याहून वाईट; २०१९ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं, आणि सोनीनं त्याच्या जोडीचं दुसरं स्वतंत्र हँडहेल्ड त्यानंतर काढलं नाही.

सगळं खापर फोनवर फोडणं बरोबर होणार नाही. थ्रीडीएस आला तेव्हा त्यावर घ्यावेत असे गेमच फार नव्हते. व्हिटाला सोनीचंच महागडं मेमरी कार्ड लागायचं. आणि आपण पुणेकरांनी तर याबाबत बोलूच नये. पीएसपीच्या, म्हणजे व्हिटाच्या आधीच्या सोनीच्या हँडहेल्डच्या, काळात इथे बाजारात यंत्र घेतलं की दुकानदारच विचारायचा, "गेम भरून देऊ का?" दोन-तीनशेत मेमरी स्टिक काठोकाठ. म्हणजे चकटफूची सवय आम्हाला फोननं लावली, असं म्हणायला तोंड नाही. फरक इतकाच की तेव्हा ती चोरी होती, आता तो अधिकृत भाव आहे.

या वरवंट्याखाली सगळे सारखे भरडले गेले नाहीत. मारिओसारखं नाव असलेला टिकला. घरी बसून एकट्यानं गेम करणाऱ्यालाही फोननं उलट दार उघडून दिलं. मधला गेला. वीस-तीस माणसं, मध्यम खर्च, स्वयंपाकाचा नाहीतर कोड्यांचा नाहीतर शेतीचा गेम, दीड-दोन हजारांची कॅसेट, असा जो थर डीएसवर मजेत जगत होता, त्याचे गेम फोनवर ९९ सेंटना किंवा फुकट मिळायला लागले. वर जायला भांडवल नाही, खाली उतरायचं तर आत दुकान मांडायचं.

फोनवरच सरळ किंमत लावून बघणारेही होते. २०१४ चा 'मॉन्युमेंट व्हॅली', सुरेख गेम, चार डॉलर, एकदाच द्यायचे. त्याच वर्षी पुढचे टप्पे दोन डॉलरला काढले, तर लोकांनी चिडून एकेक तारा दिला: पैसे कसले मागता! नंतर त्या कंपनीनं सांगितलं की अँड्रॉइडवर बसवलेल्या प्रतींपैकी विकत घेतलेल्या जेमतेम ५ टक्के आहेत.

खुद्द निंटेंडोनंही हात पोळून घेतला. डिसेंबर २०१६ मध्ये 'सुपर मारिओ रन' आयफोनवर आला. सुरुवातीचे टप्पे फुकट, पुढचं सगळं एकदाच १० डॉलर देऊन. पुढच्या वर्षी आकडा २० कोटी डाउनलोडवर गेला, तरी नफा समाधानकारक नाही, असं कंपनीनंच कबूल केलं. त्याच सुमारास आलेला त्यांचाच 'फायर एम्ब्लेम हीरोज', चकटफू आणि आत नशिबाच्या सोडती, कितीतरी कमी डाउनलोडमध्ये जास्त कमावून गेला.

पण हँडहेल्डवर निंटेंडोनं भाव पाडायला नकार दिला, आणि मला यातली सगळ्यात हुशारीची चाल दिसते ती कॉस्टिंगचीच. पूर्वी त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचं यंत्र घडवणारी एक फळी आणि हँडहेल्ड घडवणारी दुसरी. २०१३ मध्ये दोन्ही एकत्र केल्या. मार्च २०१७ मध्ये स्विच आला: टीव्हीला लावा नाहीतर हातात धरा, गेम एकच. दोन डायच्या जागी एक डाय, आणि नग दोन्ही गिऱ्हाइकांत खपणार. स्विचनं १५ कोटींचा टप्पा केव्हाच ओलांडला. २०२५ मध्ये स्विच २ बरोबर आलेल्या नव्या 'मारिओ कार्ट'ची किंमत ८० डॉलर आहे. फोनवर शून्य, इथे ऐंशी. मधली पायरी गेली की वरचा मजला किती उंच होतो, ते बघा.

मधली पायरी अगदीच गेली असंही नाही, आणि इथे आपलं पुणं येतं. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. भावासाठी राक्षसांशी लढणारी मुलगी, राजस्थानी वळणाच्या वास्तू, छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितलेली गोष्ट. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला. तरी चिकाटीनं पुरा केला, आणि १८ ऑगस्ट २०२० ला तो पहिल्यांदा आला तो निंटेंडो स्विचवर. पीसी आणि बाकीची यंत्रं दोन महिन्यांनी. किंमत २५ डॉलरच्या घरात, डाउनलोड करून घ्यायचा, त्यामुळे कॅसेटचा आगाऊ खर्च नाही. जुनी मधली पायरी अशी परत बांधता येते, फक्त गिऱ्हाईक जगभरचं लागतं. भारतात किती जणांकडे स्विच आहे? बहुतेक तर बाहेरून आणलेलेच.

याच शहरात सुपरगेमिंग या कंपनीनं दुसरी वाट धरली. त्यांचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये फोनवर आला, चकटफू. ज्या देशात फोन घरोघरी आणि हँडहेल्ड शंभरात एकाकडेही दिसत नाही, तिथे हा हिशेब मला चुकीचा म्हणवत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही कदाचित तोच कागद मालकापुढे ठेवला असता.

ओजसला यातलं निम्मंअर्धं सांगितलं. त्याला डायचं पटलं, बाकीचं ऐकताना तो घड्याळाकडे बघत होता, त्या तीन तास बावन्नवाल्या. मग मी कपाटातून जुना डीएस काढला. चार्जर नव्हता, पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून दीडशेला आणला. स्टायलस, म्हणजे पडद्यावर टेकवायची काडी, केव्हाच हरवली होती. संपलेल्या रिफिलचं बोथट टोक त्या पडद्यावर छान चालतं. आत एक कोड्यांची कॅसेट होती.

चार दिवस तो तिच्याशी झटत होता. पाचव्या दिवशी दुपारी हाक आली.

"मामा, हा अडकलाय. नुसती नावांची यादी येतेय."

मी बघायला गेलो. जपानी नावं खालून वर सरकत होती. चित्रं काढणारे, आवाज देणारे, तपासणारे.

"अडकला नाही. संपला."

"संपला म्हणजे? मग उद्या?"

"उद्या काही नाही."

तो यादीकडे बघत राहिला. "एवढी सगळी माणसं? सगळी पगारी?"

"सगळी."

त्यानं मोजायला सुरुवात केली. चाळीसच्या पुढे चुकला. यादी भराभर सरकत होती.

"मागे नेता येतं का?"

"नाही. शेवटचा टप्पा पुन्हा सोडवला तरच दिसते."

त्यानं रिफिल उचलली आणि पुन्हा सुरू केलं.